कोठाराचे वारसदार

सुतारपक्ष्यांच्या एकत्र कुटुंबांचा अर्धशतकभराचा अभ्यास काय सांगतो?

मोठे झालेले पिल्लू घर का सोडत नाही, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. जीवशास्त्रात मात्र त्याने दीर्घकाळ अभ्यासकांना कोड्यात टाकले. नैसर्गिक निवडीचा हिशेब उघड आहे: जो जीव आपली संतती अधिक वाढवेल, त्याचे गुण पुढच्या पिढ्यांत उतरतील. त्यामुळे पंखांत बळ आले की पक्ष्याने जोडीदार शोधावा, आपले घरटे थाटावे आणि आपली पिल्ले वाढवावीत, अशीच अपेक्षा असते. बहुतेक पक्षी तसे वागतातही. परंतु काही जातींत पूर्ण वाढ झालेले, विणीला योग्य असे पक्षी वर्षानुवर्षे आईवडिलांच्याच हद्दीत राहतात. स्वतः अंडी घालत नाहीत, पण धाकट्या भावंडांना भरवतात, घरट्यावर पहारा देतात, शत्रूवर तुटून पडतात. शास्त्रीय भाषेत याला सहकारी प्रजनन म्हणतात. आपण एकत्र कुटुंब म्हणू.

जगात सुतारपक्ष्यांच्या सव्वादोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुसंख्य जाती जोडीने किंवा एकेकट्या राहतात. आपल्या आमराईत खिदळल्यासारखा आवाज काढत झाडावरून झाडावर जाणारा सोनपाठी सुतारही बहुधा जोडीनेच दिसतो. पण अमेरिकेतल्या दोन जाती गोतावळा करून राहतात, आणि त्या दोघींचा अभ्यास दशकानुदशके सलग झाला आहे. एकीच्या कुटुंबाच्या मध्यभागी धान्याचे कोठार आहे, दुसरीच्या मध्यभागी झोपायची खोली. या दोन घरांत डोकावले की एकत्र कुटुंब नेमके कशाने बांधले जाते, याचे बऱ्यापैकी पक्के उत्तर हाती लागते.

पन्नास हजार भोकांचे झाड

पहिली जात एकॉर्न वुडपेकर. शास्त्रीय नाव मेलानेर्पेस फॉर्मिसिव्होरस. ओरेगनपासून कॅलिफोर्निया, मेक्सिको करत थेट कोलंबियापर्यंत ओकच्या रानांत हा पक्षी आढळतो. आकाराने साळुंकीएवढा, पाठ काळी, डोक्यावर लाल टोपी, आणि चेहऱ्यावर काळ्यापांढऱ्या रंगांची अशी रंगरंगोटी की विदूषकाची आठवण व्हावी. नराची लाल टोपी कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्याला भिडते. मादीच्या बाबतीत दोन्हींच्या मध्ये एक काळी पट्टी असते.

शास्त्रीय नावाचा अर्थ 'मुंग्या खाणारा' असला, तरी या पक्ष्याची ख्याती वेगळ्याच कारणाने आहे. ओकच्या झाडाला शरद ऋतूत सुपारीसारखी, तळाशी छोटी वाटी असलेली फळे लागतात. त्यांना एकॉर्न म्हणतात. ही फळे गोळा करून हिवाळ्यासाठी साठवणे हा या पक्ष्याचा उद्योग. साठवण्याची तऱ्हा मात्र विलक्षण आहे. जाड सालीच्या किंवा वठलेल्या झाडाच्या खोडावर चोचीने एकेक भोक पाडायचे आणि प्रत्येक भोकात एकच फळ ठोकून बसवायचे. फळ इतके घट्ट बसते की खारीलाही ते सहजी उपटता येत नाही. असे झाड म्हणजे या कुटुंबाचे कोठार. एका कोठारात काही हजार भोके असतात. मोठ्यात मोठ्या कोठारांत ती पन्नास हजारांपर्यंत गेलेली आढळली आहेत.

हे एका पक्ष्याच्या आवाक्यातले काम नाही. वर्षाकाठी एक कुटुंब काहीशे भोकांचीच भर घालू शकते, तेव्हा हजारो भोकांचे झाड ही अनेक पिढ्यांची कमाई असते. शिवाय फळे भरली की काम संपत नाही. वाळता वाळता फळ आक्रसते आणि सैल होते. मग ते काढून थोड्या लहान भोकात हलवावे लागते. हिवाळाभर ही देखरेख चालते. त्यातच निळे जे पक्षी आणि खारी टपलेल्या असतात, त्यांना हुसकावून लावायचे असते. विजेचे लाकडी खांब आणि घरांच्या फळ्याही हे पक्षी कोठारासाठी वापरतात, आणि घरमालकांच्या शिव्या खातात.

हेस्टिंग्जचे दप्तर

कॅलिफोर्नियाच्या माँटेरे परगण्यात, कार्मेल खोऱ्याच्या वरच्या अंगाला, हेस्टिंग्ज नावाचे राखीव क्षेत्र आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९३७ पासून ते केवळ निसर्गाच्या अभ्यासासाठी जपले आहे. मायकेल आणि बार्बरा मॅकरॉबर्ट्स या दांपत्याने १९६८ च्या सुमारास तिथल्या एकॉर्न वुडपेकरांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात वॉल्टर कोनिग आणि रोनाल्ड मम यांनी ते काम हाती घेतले आणि ते पुढे दशकानुदशके चालू राहिले.

पद्धत साधी, पण चिकाटीची. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कड्यांची वेगवेगळी जुळणी घालायची, म्हणजे दुर्बिणीतून तो नेमका कोण हे ओळखता येते. शिडी लावून ढोलीपर्यंत चढायचे, अंडी-पिल्ले मोजायची, पिल्लांनाही कडी घालायची. आडोशाला बसून कोण किती वेळा चारा घेऊन आले ते टिपायचे. नंतरच्या काळात रक्ताच्या थेंबातून डीएनए तपासून पितृत्वही ठरवता येऊ लागले. कोनिग यांनी १९८० पासून दर शरदात ओकच्या पिकाचाही अंदाज घ्यायला सुरुवात केली. दोन निरीक्षकांनी ठरलेल्या झाडाकडे पाहून प्रत्येकी पंधरा सेकंदांत दिसतील तितकी फळे मोजायची. दरवर्षी तीच झाडे, तेच पंधरा सेकंद. अशा नोंदींतून एकेका घराण्याची वंशावळ तयार झाली. आपल्याकडे क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात, तसे हे पक्ष्यांचे दप्तर आहे.

कुटुंबात कोण कोण असते

या दप्तरातून उलगडलेले कुटुंब गुंतागुंतीचे आहे. एका कोठारावर दोन-तीन पक्ष्यांपासून पंधरापर्यंत पक्षी असू शकतात. त्यांत वीण करणारे नर एक किंवा अनेक असतात. अनेक असतील तर ते एकमेकांचे भाऊ किंवा बापलेक असतात. वीण करणारी मादी एक असते, किंवा दोन-तीन. त्या बहिणी असतात किंवा मायलेकी. नरांची फळी आणि माद्यांची फळी यांचे मात्र आपसांत रक्ताचे नाते नसते. या सर्वांची मिळून एकच वीण चालते, म्हणजे सगळे नर सगळ्या माद्यांचे सामाईक जोडीदार. याखेरीज घरात असतात ती मागच्या वर्षांची मुले. हेच मदतनीस.

मदतनीस स्वतः वीण करत नाहीत. घरात विजातीय प्रौढ म्हणजे एकतर आई किंवा वडील, काका किंवा मावशी. रक्ताच्या नात्यात समागम टाळण्याचा नियम हे पक्षी कसोशीने पाळतात. डीएनए तपासणीने हे नेमके दाखवले: पिल्लांचे पालकत्व वीण करणाऱ्या पक्ष्यांकडेच जाते, मदतनिसांकडे नाही. बाहेरच्या कुटुंबातल्या नराची पिल्लेही या घरट्यांत सापडली नाहीत. इतर अनेक पक्ष्यांत 'निष्ठावान जोडी' ही समजूत डीएनएने मोडीत काढली. इथे बाहेरून विचित्र दिसणारे हे कुटुंब मात्र आपल्या कुंपणाच्या आत राहते.

अंडी उबायला जेमतेम अकरा-बारा दिवस लागतात. पिल्ले मात्र महिनाभर ढोलीत असतात. या महिन्यात त्यांना लागतात किडे. साठवलेली फळे मोठ्यांची पोटे भरतात, त्यामुळे पकडलेले किडे पिल्लांसाठी मोकळे राहतात. आई, वडील, काका, मावश्या, थोरली भावंडे असे सारेच पाळीपाळीने चारा आणतात.

बहिणीच फोडतात अंडी

इथवरचे चित्र एखाद्या सुखी वाड्याचे वाटेल. १९८३ साली मम, कोनिग आणि फ्रँक पिटेल्का यांनी 'नेचर' या साप्ताहिकात एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्या चित्राला दुसरी बाजू जोडली. दोन बहिणी एकाच ढोलीत अंडी घालतात तेव्हा पहिलीने घातलेले अंडे दुसरी उचलून बाहेर नेते, एखाद्या फांदीच्या बेचक्यात ठेवते आणि फोडते. मग कुटुंबातले पक्षी येऊन ते खातात. कधी कधी जिने ते घातले तीही खाते. सामाईक घरट्यांतली एक तृतीयांशाहून अधिक अंडी अशी नष्ट होतात.

यामागचा हिशेब थंड आहे. ढोलीत आधीपासून असलेले अंडे आपले नाही, हे अजून अंडी न घातलेल्या मादीला निश्चित ठाऊक असते. तिने स्वतः अंडे घातले की ही खात्री संपते, कारण आपले अंडे कोणते आणि बहिणीचे कोणते हे तिला ओळखता येत नाही. मग ती एकही अंडे उचलत नाही. परिणामी दोघी एकाच वेळी अंडी घालू लागेपर्यंत ही फोडाफोड चालते आणि त्यानंतर एकदम थांबते. पुढे दोघी त्याच अंड्यांवर आळीपाळीने बसतात आणि सारी पिल्ले सारख्याच निगुतीने वाढवतात. शेवटी वाटा जवळपास निम्मा-निम्मा होतो. नरांच्या बाबतीत असे समान वाटप होत नाही. भावाभावांत बहुधा एकाचीच पिल्ले बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

सहकार आणि स्पर्धा या दोन वेगळ्या वृत्ती नव्हेत, त्या एकाच घरात, एकाच दिवशी, त्याच दोन बहिणींमध्ये नांदू शकतात, हे या निरीक्षणाने दाखवले.

गादी रिकामी झाली की

घरातली वीण करणारी शेवटची मादी मेली, तर काय होते? तिच्या मुली घरातच असतात, पण त्यांचे वडील आणि काकाही तिथेच असतात, म्हणून त्या जागेवर त्यांना बसता येत नाही. बाहेरून परकी मादी यावी लागते. ती जागा भरेपर्यंत कधी कधी कुटुंबाची वीणच थांबते. परकी मादी आली की घरातल्या मुलग्यांना मात्र संधी मिळते, कारण तिच्याशी त्यांचे नाते नसते. म्हणजे आईच्या मृत्यूने मुलाला वारसा मिळतो, आणि वडिलांच्या मृत्यूने मुलीला.

अशा रिकाम्या जागेची बातमी रानात वेगाने पसरते. आजूबाजूच्या कुटुंबांतून मदतनीस बहिणी-बहिणी, किंवा भाऊ-भाऊ, टोळ्या करून येतात. तीन-चार जणांच्या अशा अनेक टोळ्या एकमेकींशी भिडतात. डोळे फुटतात, पंख मोडतात, काही पक्षी मरतात. साहस बर्वे या भारतीय पक्षीशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह या लढायांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. पक्ष्यांच्या पाठीवर इवलाले रेडिओ-प्रेषक बसवल्यामुळे कोणता पक्षी कुठे आणि किती वेळ होता हे मिनिटामिनिटाला कळू शकले. काही लढवय्ये दिवसाला दहा-दहा तास, सलग चार दिवस झुंजत होते.

त्याहून नवलाची गोष्ट बघ्यांची. तीन किलोमीटरवरून पक्षी येत आणि तासभर नुसते पाहून परत जात. त्यांतल्या बऱ्याच जणांची स्वतःची हद्द आणि स्वतःचे कोठार होते. ते मागे टाकून येणे म्हणजे धोका पत्करणे. तरीही ते येत, त्या अर्थी तिथे काहीतरी मोलाचे मिळत असले पाहिजे. कोणत्या घरात किती बळ उरले आहे, कोण कोणाच्या बाजूने आहे, ही माहिती या समाजात कोठाराइतकीच कामाची असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. गावात वाड्याच्या वाटणीचा वाद पेटला की पारावर गर्दी का जमते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा तर्क पटायला जड जाऊ नये.

प्रेम की जागेची टंचाई?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुले घरी का राहतात? एक उत्तर १९६४ साली डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी दिले होते. सख्ख्या भावंडांत सरासरीने तितकाच वंशवारसा सामाईक असतो, जितका स्वतःच्या अपत्यात. म्हणून भावंडे वाढवणे हाही आपला वारसा पुढे नेण्याचाच मार्ग ठरतो. हे खरे, पण अपुरे आहे. हेस्टिंग्जच्या नोंदींत मदतनिसांमुळे पिल्लांची संख्या वाढते खरी, पण बेताचीच, आणि तीही मुख्यतः ओकचे पीक चांगले आलेल्या वर्षांत. एवढ्या लाभासाठी स्वतःची वीण सोडून देणे हिशेबात बसत नाही.

उत्तराचा दुसरा भाग ॲरिझोनातून आला. पीटर स्टेसी आणि कार्ल बॉक यांनी १९७८ साली दाखवले की आग्नेय ॲरिझोनात याच जातीचे पक्षी मोठी कोठारे करत नाहीत, शरदात ते भाग सोडून निघून जातात, आणि तिथे ते बहुतेक जोडीनेच राहतात. जात तीच, रक्त तेच. कोठार गेले की एकत्र कुटुंबही गेले. म्हणजे मुलांना घरी धरून ठेवते ती पिढ्यांनी उभारलेली मिळकत. नवे कोठार शून्यातून उभे करणे एका जोडीला झेपत नाही, आणि तयार कोठारे सगळी व्यापलेली. मग वाट पाहणे, आणि वाट पाहता पाहता घरकामाला हात लावणे, हाच शहाणपणा.

पण निरीक्षण कितीही नेटके असले तरी ते पुरावा म्हणून एका मर्यादेपर्यंतच जाते. प्रयोग करायचा तर नवी मिळकत निर्माण करून पाहायला हवी. तो प्रयोग झाला तो दुसऱ्या जातीवर.

झोपायच्या खोलीसाठी

अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत लाँगलीफ पाइन या सुचिपर्णी वृक्षांची रेड-कॉकेडेड वुडपेकरशी जन्मजात सोयरीक आहे. बहुतेक सुतारपक्षी मेलेल्या लाकडात ढोली कोरतात. हा पक्षी जिवंत पाइनमध्ये कोरतो, तेही ऐंशी-शंभर वर्षे वयाच्या, गाभ्याला बुरशी लागून लाकूड मऊ पडलेल्या झाडात. तरीही एक ढोली पुरी व्हायला वर्ष ते कित्येक वर्षे लागतात. ढोलीभोवती तो बारीक खळगे टोचत राहतो. त्यांतून राळ झिरपते, खोड वितळलेल्या मेणबत्तीसारखे दिसू लागते, आणि झाडावर चढणाऱ्या सापांना त्या चिकट राळेवरून वर जाणे जड जाते. कुटुंबातल्या प्रत्येक पक्ष्याला रात्री झोपायला स्वतंत्र ढोली लागते. कुटुंब म्हणजे एक जोडी आणि एक ते चार मदतनीस, बहुतेक मुलगेच. मुली पहिल्याच वर्षी घर सोडतात.

जेफ्री वॉल्टर्स, कॅरोल कोपियन आणि सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या सँडहिल्स भागात एक सरळ प्रयोग केला. पक्षी नसलेल्या वीस ठिकाणी त्यांनी पाइनच्या खोडांत यंत्राने ढोल्या कोरल्या. तशाच दुसऱ्या वीस ठिकाणी काहीच केले नाही. कोरलेल्या वीसपैकी अठरा ठिकाणी पक्षी राहायला आले. न कोरलेल्या वीसपैकी एकाही ठिकाणी आले नाहीत. नव्या जागा घेणाऱ्यांत आजवर आईवडिलांकडे राहिलेले मदतनीसही होते. रान तेच होते, चाराही तोच होता. कमी होती ती खोल्यांची. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने 'मुले घरी का राहतात' या प्रश्नाचे उत्तर तर्काच्या पातळीवरून प्रत्यक्षाच्या पातळीवर आणले.

त्याचा उपयोग लगेच झाला. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने साउथ कॅरोलायनातले फ्रान्सिस मेरियन राष्ट्रीय वन झोडपले. ढोलीची सुमारे ८७ टक्के झाडे पडली आणि सुमारे ६३ टक्के पक्षी मेले. उरलेल्यांना नव्या ढोल्या कोरायला वर्षे लागली असती. वनकर्मचाऱ्यांनी कोपियन यांच्या रीतीने ढोल्या कोरल्या, शिवाय लाकडी ठोकळ्यात तयार केलेल्या ढोल्या खोडांत खाचा पाडून बसवल्या. पक्ष्यांनी त्या स्वीकारल्या. हीच रीत पुढे सर्वत्र वापरली गेली. १९७० पासून संकटग्रस्त यादीत असलेल्या या जातीचा धोका एक पायरी खाली आल्याचे अमेरिकी सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. एकेकाळी नऊ कोटी एकरांवर पसरलेल्या लाँगलीफ रानाचा तीन-चार टक्के भागच उरला होता. म्हणून यंत्राने कोरलेली ढोली ही उसनवारी आहे. खरे भांडवल म्हणजे शंभर वर्षांचे झाड.

वठलेल्या झाडाची किंमत

या कथांतून माणसाच्या एकत्र कुटुंबाविषयी धडे काढण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. पक्ष्यांना सातबारा नसतो आणि माणसाला केवळ मिळकत बांधून ठेवत नाही. पण एक गोष्ट जशीच्या तशी इकडे आणता येते. या दोन्ही समाजांचा पाया जुने झाड हा आहे. ते गेले की पक्षी आणि त्याची समाजरचना दोन्ही मोडतात. एकॉर्न वुडपेकरचे कोठार कोसळले तर पिढ्यांचे काम एका रात्रीत जाते आणि कुटुंब पांगू शकते.

आपल्याकडे मराठ्यांचे नाव शास्त्रीय नावातच वागवणारा एक सुतारपक्षी आहे: लिओपिकस माहराटेन्सिस, म्हणजे मराठा सुतार. अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या संधिकाळी युरोपीय अभ्यासकांपर्यंत त्याचे नमुने मराठा मुलखातून पोचले, त्याची ही खूण. माळरानाच्या कडेची बाभूळ, जुने आंबे, वठलेल्या फांद्या यांच्यावर तो गुजराण करतो आणि मऊ झालेल्या लाकडात ढोली कोरतो. सुतारपक्ष्यांनी सोडलेल्या ढोल्यांत पोपट, साळुंक्या, दयाळ, पिंगळे बिऱ्हाड करतात. ज्यांना स्वतः लाकूड कोरता येत नाही, अशा साऱ्यांचा हा घरबांधणी करणारा.

शहरात आणि गावातही वठलेले झाड म्हणजे धोका किंवा सरपण. रस्त्यावर कलंडणारे खोड काढावेच लागते, त्याबद्दल वाद नाही. पण शेताच्या बांधावर, देवराईत, शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत, कोणाच्या अंगावर पडण्याची भीती नाही अशा ठिकाणी उभे असलेले वठलेले झाड आपण केवळ नीटनेटकेपणाच्या हौसेपायी तोडतो. सँडहिल्सच्या वीस रिकाम्या जागांनी दाखवले ते एवढेच: चारा असला, हवा-पाणी असले, तरी खोली नसेल तर कुणी येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये, सुतारपक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत, अशा एखाद्या खोडावर रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, गोल, स्वच्छ कडांचे भोक दिसले, तर ते झाड मेलेले नाही असे समजावे. त्याच्या आत बिऱ्हाड आहे, आणि ते बिऱ्हाड निघून गेले की पुढचे भाडेकरू रांगेत उभे आहेत.